लखपतच्या रणात खाजण आहे, सायकल घालू नका

पूर्ण वाचायला ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगते. कच्छमधल्या लखपतच्या किल्ल्याखालून रणाच्या कडेकडेने गुनेरी गावाला जाणारी एक तुटक रेघ फोनच्या नकाशावर दिसते. त्या रेघेवर सायकल घालू नका. ते खाजण आहे, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी चिखलाची जमीन. डिसेंबरात नाही, जानेवारीत नाही, कुणी छातीवर हात ठेवून सांगितलं तरी नाही. घडुलीवरून डांबरी रस्त्याने जा. वळसा पडतो, पडू दे. फोनने दाखवलेल्या अकरा किलोमीटरांपैकी आम्ही जेमतेम आठ केले आणि त्याला सहा तास वीस मिनिटं लागली. चौदा पंक्चर झाले, पाणी संपत आलं, आणि वहिनीच्या टाचेत बुटाच्या तळव्यातून काटा गेला.

आम्ही तिघं होतो. मी, माझा चुलतभाऊ (आमचा दादा) आणि वहिनी. तिघंही चिपळूणचे, कुंभार्ली घाट पाठ असलेले, चिपळूण ते गोवा सायकलने दोनदा जाऊन आलेले. दिवसाला ऐंशी-नव्वद किलोमीटर सामानासकट चालवता येतात आणि पंक्चर स्वतः काढता येतो, हे मी धरून चालते. ते येत नसेल तर लखपत तालुक्यात गाडीने जा.

भुजला उतरल्यावर ज्याच्याकडे आम्ही चौकशी केली, त्याने तीन गोष्टी सांगितल्या. कच्छ म्हणजे तळहात, चढ नाहीच. रण डिसेंबरअखेर खडखडीत वाळतं, वर ट्रक चालतो. आणि लखपतला जायला परवाना लागतो, तो तीन माणसांचे पंधराशे रुपये घेऊन तो काढून देईल. पहिल्या दोन गोष्टी चुकीच्या निघाल्या. तिसरीबद्दल इतकंच की लखपतचा किल्ला, नारायण सरोवर आणि कोटेश्वर या तिन्ही ठिकाणी आमच्याकडे कुणीही परवाना मागितला नाही. आधारकार्ड मात्र दोनदा पाहिलं. धोरडोच्या पांढऱ्या रणाला परवाना लागतो, ती जागा वेगळी आणि रस्ताही वेगळा. पंधराशे रुपये गेले.

आता चढाचं. कच्छचा मधला भाग उंच आहे. उत्तरेकडच्या नद्या रणात जातात, दक्षिणेकडच्या समुद्रात, आणि हिवाळ्यात दोन्हीकडे नुसते दगडगोटे असतात. भुजहून नखत्राणा आणि पुढे माता नो मढ हा शंभरेक किलोमीटरचा रस्ता या नद्या-नाल्यांना एकामागून एक कापत जातो. म्हणजे उतरा, चढा, पुन्हा उतरा. घाट म्हणावा असा एकही चढ नाही, पण सपाटीही कुठे नाही. त्यात उत्तरेचा वारा. पवनचक्क्यांच्या रांगा लागल्या की समजायचं, इथे त्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. नखत्राणा सोडल्यावर मढच्या आधी आपण कर्कवृत्त ओलांडतो. आम्हाला तिथे पाटी दिसली नाही, पण दादाने फोनवर अक्षांश बघत नेमकी जागा गाठली आणि दहा मिनिटं मोडली. मला तेव्हा राग आला होता. आता तो फोटो आमच्या भिंतीवर आहे.

वेळेचा हिशेब नीट करा. हा देशाचा पश्चिम टोकाचा तालुका आहे. डिसेंबरअखेर साडेसात वाजून गेले तरी सूर्य वर येत नाही. आम्ही घरच्या सवयीने सहाला तयार होऊन अंधारात बसलो. संध्याकाळी मात्र सव्वासहाला सूर्य जातो आणि तासाभरात थंडी हाडात शिरते. हातात साडेदहा तासांचा उजेड आहे असं धरून दिवस आखा. जवळच्या नलियाचं नाव गुजरातमधल्या सर्वांत थंड गाव म्हणून दर हिवाळ्यात पेपरात येतं. वाळवंट म्हणून पातळ चादर घेऊन आलात तर रात्रभर जागाल.

मढला आशापुरा मातेच्या देवस्थानात राहायची आणि जेवणाची सोय होते. चांगली आहे. तिथून घडुली आणि लखपत हा दुसरा दिवस सोपा गेला, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चिंकारा दिसले, लांबून.

लखपतला पोचल्यावर मात्र मी गप्प झाले. सुमारे सात किलोमीटर लांबीचा तट, 1801 मध्ये कच्छच्या फतेह मुहम्मद या सरदाराने बांधून घेतलेला, जवळजवळ शाबूत. आत एका भरभराटीच्या बंदराचं शहर होतं आणि आता मोजकी घरं आहेत. सिंधू नदीचा एक फाटा तेव्हा इथपर्यंत यायचा. गोडं पाणी होतं, भात पिकायचा, गलबतं लागायची. वरच्या अंगाला सिंधमध्ये बांध पडले तसं पाणी आटत गेलं, आणि 16 जून 1819 च्या भूकंपाने उरलंसुरलं संपवलं. उत्तरेला रणात ऐंशी किलोमीटरहून लांब जमीन आडवी उचलली गेली. काही ठिकाणी ती पाच-सहा मीटर उंच आहे. माणसाने बांधलेला नाही म्हणून लोकांनी त्याला अल्लाह बंद म्हटलं. त्याच्या दक्षिणेचा भाग खाली गेला आणि सिंद्रीचा किल्ला पाण्यात बुडाला. तटावर उभं राहून उत्तरेला पाहिलं की भाताची ती शेतं कुठे असतील याचा अंदाजही लागत नाही. क्षितिजापर्यंत राखाडी-पांढरं पसरलेलं असतं, ना झाड ना उंचवटा.

हे सगळं मला आधी वाचून ठाऊक होतं. जमीन खाली गेली हेही ठाऊक होतं. पण खाली गेलेली जमीन आणि शेजारी कोरी नावाची खाडी, म्हणजे काय होणार, हा दोन अधिक दोनचा हिशेब मी केला नाही. धोरडोकडचं रण पावसाळ्यात साठलेल्या पाण्याचं, ते उन्हाने वाळतं आणि मिठाचा थर जमतो. लखपतचं रण कोरी खाडीच्या डोक्याशी आहे. तिथे खाडीचं पाणी अजून येतं. वरून तितकंच पांढरं दिसतं आणि खाली ओलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही तटाखाली उतरलो. आदल्या रात्री गुरुद्वारात मुक्काम होता. गुरू नानक इथे राहून गेले असं मानतात, वास्तू जुनी आणि फार जपलेली आहे, तिच्या जतनाला 2004 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. लंगरचं गरम जेवण झालं होतं, झोप झाली होती, तिघंही खुशीत होतो. किल्ल्यावर सीमा सुरक्षा दलाचे जवान असतात. त्यांना पुढची वाट विचारायला हवी होती, ती विचारली नाही. तुम्ही विचारा. हा सीमेचा भाग आहे. रणात भटकणं तिथे चालत नाही, आणि ते रास्तच आहे.

पहिले तीन किलोमीटर चाळीस मिनिटांत झाले. जमीन सिमेंटच्या कोब्यासारखी. दादा म्हणाला, "बघ, भुजवाला खरं बोलला." मग वेडी बाभूळ सुरू झाली. आपल्याकडे मराठवाड्यात, सोलापूरकडे रस्त्याच्या कडेला असते तीच. रण पुढे सरकू नये म्हणून 1961 च्या सुमारास वनखात्याने कच्छच्या बन्नी या गवताळ भागात हिची मोठी लागवड केली आणि तिथून ती सगळीकडे पसरली. तिकडच्या भाषेतल्या नावाचा अर्थही वेडीच. या काट्यापुढे आपला बोरीचा काटा काहीच नाही. तो सुकून जमिनीवर पडतो, टोक वर करून राहतो, आणि जाड टायरसुद्धा सरळ भेदतो.

इथून पुढची वाट अशी होती. उजवीकडे, चढाच्या बाजूला, वेडी बाभळीची गच्च भिंत. डावीकडे रण. मधे चालण्याजोगी पट्टी, कुठे पंधरा फूट, कुठे पाच. काटे टाळायला डावीकडे सरकलं की चाक रुततं. चाक सोडवून उजवीकडे आलं की हवा जाते. हेच पुढचे साडेपाच तास चाललं. पंक्चर काढायला सायकल उलटी करावी तर सीट चिखलात जाते. आडवी ठेवावी तर काट्यांवर पडते. तिसऱ्या पंक्चरनंतर आम्ही एकाने सायकल धरायची, दुसऱ्याने टायर काढायचा, तिसऱ्याने आतून बोट फिरवून काटे शोधायचे, असं वाटून घेतलं. बोट फिरवायचं काम माझं. दोन्ही हातांची टोकं फुटली.

चिखल कसा ते लिहिते, कारण त्याचं खरं वर्णन मला जाण्याआधी कुठे मिळालं नाही. वर बोटभर जाडीचा पांढुरका पापुद्रा. तो माणसाला कधी पेलतो, कधी नाही. सामान लादलेल्या सायकलला बहुतेक नाही. पापुद्रा फुटला की खाली काळा, तुळतुळीत गाळ. तो मडगार्डमध्ये असा बसतो की चाक फिरतच नाही, काटकीने उकरून काढावा लागतो. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, पूर्ण भरून गेला. आणि वास. पहिल्यांदा पाय पोटरीपर्यंत गेला तेव्हा तो वास आला आणि मी जागच्या जागी थांबले. दाभोळच्या खाडीला, ओहोटी लागल्यावर खाजणात येतो तोच वास. लहानपणी चिंबोऱ्या पकडायला मामाबरोबर मी त्याच वासात उतरायचे. मामाचं एकच वाक्य असायचं, वास आला की मागे फिर. मी वहिनीला म्हटलं, "वहिनी, हे खाजण आहे. भरती येईल इथे." दादा म्हणाला, "समुद्र कुठे आणि आपण कुठे! अजून थोडं जाऊ, निम्म्यात आलोय."

अमावास्या होऊन दोन दिवस झाले होते. उधाणाचे दिवस. दुपारी एकच्या पुढे आमच्याच सकाळच्या पावलांच्या खड्ड्यांत पाणी दिसायला लागलं. लाट नाही, आवाज नाही. खालून झिरपत वर येणारं पाणी. बोट बुडवून चाखलं, खारट-कडू. कोकणातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांनी एवढं करा, की लखपत, कोटेश्वर, जखौ या बाजूला कुठेही डांबर सोडून उतरायचं असेल तर आधी तिथी बघा, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे दोन-तीन दिवस उतरूच नका.

पॅच नऊ होते, ते संपले. जादा ट्यूब तीन, त्याही संपल्या. माझ्या मागच्या टायरमध्ये वहिनीची ओढणी आणि सुकं गवत कोंबून ढकलत नेलं. तिघांत मिळून एक लिटर पाणी उरलं होतं तेव्हा शेळ्यांच्या घंटा ऐकू आल्या. म्हातारे गृहस्थ होते, खांद्यावर अजरख म्हणजे तिकडचं छापील कापड, हातात काठी. लांबूनच ओरडले, "बेन, त्यां नहीं, कादव छे!" म्हणजे तिकडे नको, चिखल आहे. बाभळीच्या त्या भिंतीत शेळ्यांची एक वाट होती, आम्हाला इतक्या तासांत दिसली नव्हती. त्यांनी शेळ्या पोरावर सोडल्या, माझी सायकल स्वतः खांद्याला घेतली आणि आम्हाला वर गाडीवाटेला आणून सोडलं. जवळजवळ दोन किलोमीटर. पैसे पुढे केले तर हात मागे घेतला. चहा पाजतो म्हणाले. मी त्यांच्या पाया पडले.

त्यानंतर छकडो मिळाला, म्हणजे तिकडची ती मोठ्या आवाजाची तीनचाकी. आम्हाला सायकलींसकट गुरुद्वारापर्यंत परत यायचं होतं. चालकाने अडीच हजार सांगितले. आमचे पाय गुडघ्यापर्यंत काळे, वहिनी लंगडत होती, सूर्य जायला तासभर. अठराशेवर तोडलं. दुसऱ्या दिवशी गावात विचारलं तर तेवढ्याच अंतराला, सामान धरूनही, चार-पाचशेच्या वर कुणी घेत नाही असं तिघांनी सांगितलं. अडलेल्या माणसाकडून चौपट घ्यायचे, हे मला आजही सहन होत नाही. म्हणून सांगते, घडुलीत किंवा दयापरमध्ये पोचल्याबरोबर एखाद्या छकडोवाल्याचा नंबर घेऊन ठेवा आणि भाडं तेव्हाच बोलून घ्या. फोनला रेंज गावाबाहेर येते-जाते, त्यामुळे चढावर असताना फोन करा.

पुढचा दिवस मी रागात घालवला असता, पण गुरुद्वारातल्या सेवेकऱ्यांनी सायकली धुवायला गोडं पाणी दिलं. त्या तालुक्यात हे किती मोठं देणं आहे, ते तिथे गेल्यावर कळतं. वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, तोही एखाद्या वर्षी पाठ फिरवतो. बादलीभर पाण्यात तीन साखळ्या धुतल्या, दोन रात्रीच आणि दादाची सकाळी. रात्री धुतली नाही ती दादाची साखळी सकाळपर्यंत लाल झाली होती. मिठाचा चिखल लागला तर त्याच दिवशी धुवा आणि तेल घाला, सकाळची वाट बघू नका.

आणि मग आम्ही गुनेरीला गेलोच. डांबरी रस्त्याने, दुकानातून पॅच आणून, वहिनीला मागे ठेवून. कोकणातल्या माणसाने हे न बघता परत येऊ नये. वाळवंटी माळावर, समुद्रापासून 45 किलोमीटर आत, तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, बन आहे. आपल्या खाडीकाठी असतं तेच तिवर. भरती तिथे पोचत नाही, पायाखाली गाळ नाही, जमीन कोरडी आणि टणक, आणि वर हिरवीगार तिवरं. समुद्र मागे हटला आणि बन तिथेच राहिलं. जेमतेम 32.78 हेक्टर आहे, 2025 च्या जानेवारीत गुजरातने त्याला राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. मी तिवराचं पान जिभेला लावून बघितलं, खारट. खरंच सांगते, रडू आलं. आदल्या दिवशीचा थकवा त्यात किती होता आणि तिवर किती, ते मला वेगळं करता येत नाही. फांद्या तोडू नका, बनात सायकल नेऊ नका, माळावरच ठेवा.

गुनेरीहून परतताना रस्त्याच्या कडेच्या पिवळट दगडात चपटी गोल नाण्यांसारखी चकत्यांची रास दिसली. हे समुद्रातल्या एकपेशी जिवांचे जीवाश्म आहेत. या तालुक्याची जमीन जुन्या समुद्राचा तळच आहे. जवळच्या हरुडीच्या आसपास चार पायांच्या आद्य देवमाशांची हाडं सापडली. पानध्रोच्या लिग्नाइटच्या खाणीतून निघालेल्या 27 मणक्यांवरून 2024 मध्ये एका अजस्र सापाची नवी जात जाहीर झाली, वासुकी इंडिकस. वय सुमारे 4 कोटी 70 लाख वर्षं, लांबीचा अंदाज अकरा ते पंधरा मीटर. बघायला म्हणून तिथे काही मांडलेलं नाही, त्यामुळे खाणीकडे वाट वाकडी करू नका. रस्त्याच्या कडेचे दगड बघा, उचलून आणू नका.

नारायण सरोवर लखपतहून पस्तीसेक किलोमीटर. रस्ता उत्तम, वारा पाठीवर. मुक्काम धर्मशाळेत करा, जेवण देवस्थानच्या भोजनशाळेत. संध्याकाळी दोन किलोमीटरवरच्या कोटेश्वराला जा, देवळाच्या मागे थेट कोरी खाडी आहे. भरती बघायची तर तिथे बघा, दगडी कठड्याच्या आतून. पुढे नलिया आणि मांडवी हे दोन दिवस छान गेले. मांडवीत दाबेली खा.

सामानाचं थोडक्यात. माणशी चार ट्यूब, वीस पॅच, सोल्युशनच्या दोन ताज्या नळ्या (उघडलेली नळी त्या हवेत वाळते). टायरच्या आत प्लास्टिकची लाइनर पट्टी आधीच घालून घ्या. आम्ही घातली नव्हती, आणि चौदातले निम्मे पंक्चर तरी तिने वाचले असते. बारीक टोकाचा चिमटा घ्या, बोटांनी काटे काढू नका. पाणी माणशी पाच लिटर, घडुलीपुढे दुकानांवर भिस्त ठेवू नका. रोख रक्कम सुट्या नोटांत ठेवा. सायकलचे जाड तळव्याचे बूट, पातळ तळव्याचे अजिबात नाहीत.

वहिनीच्या टाचेतला काटा आम्हाला वाटलं निघाला. टोक आतच राहिलं होतं. चिपळूणला आल्यावर तीन आठवड्यांनी टाच सुजली आणि डॉक्टरांनी चिरा देऊन पाऊण सेंटिमीटरचा तुकडा काढला. काटा रुतला असेल तर दयापरला किंवा भुजला दाखवूनच घरी निघा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन जाण्याआधी घेऊन ठेवा.